विषवाल्या पोरीचं भरीत

"मॅडम, हे पार्सल मी असं देणार नाही."

जळगावच्या कुरिअर ऑफिसात काउंटरमागचा तो उंच, सावळा माणूस शांतपणे म्हणाला, तेव्हा मी मेहरूणच्या लॅबमधून स्कूटी हाणत धापा टाकत पोचले होते. खोक्यात बर्फ होता. तो वितळत होता आणि त्याच्यासोबत माझी पीएचडीसुद्धा.

"का नाही देणार?"

"यावर विष लिहिलंय." त्यानं खोका दोन बोटांनी धरला होता, झुरळ मिशीला धरून उचलावं तसा. "कुणाला द्यायचंय?"

"उंदराला."

"उंदराला? किराणा दुकानात स्वस्त मिळतं हो!"

माझी सटकलीच. ओळखपत्र त्याच्यापुढे आपटलं. त्यानं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं.

"डिंपल... पण खळी कुठंय?"

"असले प्रश्न विचारायचा पगार मिळतो का?"

"नाही. हे मी फुकट करतो."

हसायचं नव्हतं, पण हसले. मग बर्फाची काळजी सोडून त्याला समजावत बसले, हा माझा जुना रोग. "हे एका झाडाचं प्रथिन आहे. एरंडीच्या विषाचं चुलतभावंड म्हणा. पेशीत शिरलं की आतला कारखाना बंद पाडतं, पेशी मरते. पण एरंडीच्या विषाला आत घुसता येतं, याला येत नाही, दाराशीच बसून राहतं. म्हणून त्याला अशा रेणूला बांधतात, जो मेंदूतल्या एकाच जातीच्या पेशी ओळखतो. त्याच पेशी याला आत घेतात, त्याच मरतात. शेजारणीला धक्का नाही. मग आम्ही बघतो, उंदीर काय विसरला."

"म्हणजे घरंदाज विष आहे. बोलावल्याशिवाय आत जात नाही."

"हो... तसंच."

"माझंही तसंच आहे." तो खोका पुढे सरकवत म्हणाला. "दारापर्यंत जातो. कुणी या म्हटलं तरच..."

आणि त्याचे कान लाल झाले. नाव प्रेमराज, गाव शिंदखेडा, शाखेचा मॅनेजर. पार्सलं पोचवणं हे त्याचं कामच नव्हतं. तरी पुढची सगळी पार्सलं तोच लॅबच्या दारात घेऊन आला, बर्फासकट, घामासकट. एकदा मी "या" म्हटलं. मग मेहरूण तलावाच्या काठानं बोरं खात फिरणं आलं. तो बिया माझ्याकडे द्यायचा, मी पर्समध्ये ठेवायची... का, ते विचारू नका. मी प्रेमात पडले होते, आणखी काय!

घोळ त्यानंच घातला. आईला, म्हणजे भिकुबाईंना, खरं सांगितलं. "पोरगी हुशार आहे, विषानं मेंदूतल्या पेशी मारते." भिकुबाई भर गल्लीत म्हणाल्या, "म्हंजे तिना हातना चहा पिनारा मानूस येडा व्हई!" संध्याकाळपर्यंत निम्म्या शिंदखेड्याला डिंपल म्हणजे कोण ते कळलं होतं.

"आईनं हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही," प्रेमराज मला म्हणाला. "वडील गेल्यापासून तिनं एकटीनं वाढवलंय मला." मी भांडले, रडले, पण त्याचा शब्द मोडायला सांगवेना. शेवटी भिकुबाई यायला तयार झाल्या. एकदाच. पोरगी पसंत पडली नाही, तर विषय बंद.

हिवाळा होता, म्हणून आबांनी, माझ्या वडिलांनी, पाहुण्यांना यावलकडच्या आमच्या मळ्यातच बोलावलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडाच्या बडगीत कुटली, केळीची पानं मांडली. भरीत मी केलं होतं, पुऱ्या आईनं. पंगत बसली आणि भिकुबाईंनी पिशवीतून फडकं काढलं. आत भाकरी आणि ठेचा.

"आम्ही आमनं आनेल शे," त्या म्हणाल्या.

आमच्या मळ्यात, आमच्या पंगतीत, पाहुण्यानं स्वतःची शिदोरी सोडली! आबांची मान खाली गेली. "पाव्हनं, काही चुकलं का आमचं?" एवढंच ते बोलले.

प्रेमराजला ते बघवलं नाही. "मी खातो ना!" म्हणत त्यानं हा एवढा घास कोंबला. घासात अख्खी मिरची. आधी डोळे भरले, मग उचक्या, मग ठसका असा की चेहरा भरताच्या वांग्यासारखा झाला.

"काय खावाडं वं मन्हा पोऱ्याले!" भिकुबाईंनी हंबरडा फोडला.

माझं सगळं शास्त्र त्या क्षणी उडालं. त्याच्या समोर बसले, त्याच्याच पानातलं भरीत ओरबाडून खायला लागले. "हे बघा! मी पण खातेय! काही नाहीये यात!" एक घास, आणखी एक, त्याची अर्धी पुरीही गिळली.

मग वर पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला होता. पुरुषाच्या पानात बायकोच जेवते, आणि तीही घरात, आडोशाला. लग्न न झालेली मी चारचौघांत मांडी घालून जेवत होते.

"पोरी," भिकुबाई हळूच म्हणाल्या, "तुले लाज नही का?"

"ह्यांना काही झालं असतं तर..." बोलता बोलता मी थांबले. ह्यांना! जीभ चावली, पण शब्द सुटला होता. मग म्हटलं, जाऊ दे. "मला भीती वाटली, आई. हा मला खूप आवडतो. तुम्ही नाही म्हणालात तर मी ऐकेन, पण दुसऱ्या कुणाच्या पानात मी कधी बसणार नाही."

प्रेमराज उचकी देत माझ्याकडे बघत राहिला. भिकुबाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भरतानं माखलेल्या माझ्या बोटांकडे बघितलं. मग फडक्यातली भाकरी मुकाट गुंडाळली आणि केळीचं पान पुढे ओढलं.

"वाढ माले. मिरच्या येचीसन."

मी एकेक मिरची वेचून भरीत वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. मग आबांकडे वळून म्हणाल्या, "याही, तुम्ही काय उभा शेतस? बसा जेवाले."

याही. म्हणजे व्याही! आबांनी पुरीचं ताट हातात घेतलं आणि तिथंच रडायला लागले. मिरचीचा धूर आहे, म्हणाले.