बरण्यांच्या दालनात

"काचेला नाक लावू नका हो... रोज संध्याकाळी तुमच्या नाकाचा ठसा मलाच पुसावा लागतो."

मी दचकून वळले. मागे एक तरुण उभा होता. हातात मऊ फडकं, कपाळावर ढकललेला चष्मा आणि चेहरा इतका गंभीर, की हा चिडलाय की चेष्टा करतोय तेच कळेना.

"माझंच नाक कशावरून?"

"या दालनात दुसरं येतंय कोण?"

खरंच होतं ते. संग्रहालयाच्या त्या मागच्या दालनात जुन्या बरण्या मांडल्या होत्या. चीनच्या, कोरियाच्या, व्हिएतनामच्या... आणि तिकडे कुणी फिरकत नव्हतं. मी जायचे, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. आमचा मातीकामाचा कारखाना. चाकावर मी, भट्टीवर बाबा आणि कुंचला आईचा. आई गेली आणि आमची भांडी मुकी झाली. मी आईसारखी वेल काढायला जायचे, ती मेल्यासारखी भांड्याच्या अंगावर पडून राहायची. बाबा ओल्या फडक्यानं सगळं पुसून भांडं परत फळीवर ठेवायचे. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तो बरण्यांबरोबरच आला होता, समुद्रापलीकडच्या संग्रहालयातून. त्यांची निगा राखायची आणि प्रदर्शन संपलं की परत न्यायच्या, हे त्याचं काम. मी त्याला 'बरणीवाले' म्हणू लागले. त्यानं मला 'मडकेबाई' करून टाकलं.

"मडकेबाई, आज तोंड का पाडलंय?"

"रोजच पडलेलं असतं. तुम्ही आज पाहिलंत."

"मी रोज पाहतो," तो म्हणाला... आणि स्वच्छ काच पुन्हा घासू लागला.

एका दुपारी त्यानं मला कपाटामागे नेलं. मोठ्या चिनी बरणीची भिंतीकडची बाजू दाखवली. समोरून ऐटीत पोहणारे निळे मासे मागे गेल्यावर एकमेकांच्या अंगावर चढले होते. जागाच पुरली नव्हती. शेवटच्याला तर शेपूट नव्हती.

"म्हणजे... चितारणारा चुकलाय?"

"साफ चुकलाय. आणि तरी खुशाल भट्टीत घातलीय!"

मी हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि हसता हसता मला रडूच कोसळलं. तो पार गांगरला. फडकं पुढे केलं, ते मळकं दिसल्यावर मागे घेतलं, मग शर्टाची बाही पुढे केली. "ही... ही धुतलेली आहे."

बाही ओली होईस्तोवर मी आईचं, वेलीचं सगळं सांगून टाकलं. मग तो हळूच म्हणाला, "आईची वेल आईला काढू दे. तुला काय दिसतं, ते काढ."

'तुला' म्हणाला होता. दोघांनाही कळलं. दोघांनीही न कळल्यासारखं केलं.

समोर एक पांढरी कोरियन बरणी होती. तिच्यावर तपकिरी रंगात गवताचं एकच पातं, एका दमात ओढलेलं. बाकी सगळी मोकळी. मी दिवसच्या दिवस ते पातं बघत राहिले. मग घरी येऊन आमच्या भट्टीच्या भिंतीला फुटलेलं रानगवत बरणीवर काढलं. पातं जरा वाकडंच गेलं. बाबांनी फडकं उचललं... खूप वेळ बघत राहिले... आणि बरणी तशीच नेऊन उन्हात वाळत ठेवली.

ही बातमी सांगायला मी धावतच दालनात गेले. तिथे खोकी आली होती.

तो गवताच्या बरणीला कापूस गुंडाळत होता. "परवा निघायचंय," मान वर न करता म्हणाला. कधीतरी निघायचं होतंच, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी मी उगाच खोकी मोजू लागले.

"सोबत चल," तो म्हणाला.

"बाबा एकटे पडतील."

"मग तू 'राहा' म्हण. एकदा म्हण. मी राहीन."

ओठांवर आलंच होतं... तेवढ्यात त्याचा फोन वाजला. समुद्रापलीकडून त्याचे वडील, अप्पा. सगळी माणसं विसरलेले, स्वतःचं घरही विसरलेले. हा फोनवर बोलल्याशिवाय ते घास घेत नसत. तो फोन उचलेना.

"घे ना," मी म्हटलं.

"हो अप्पा... मीच... जेवा आधी."

पलीकडचा म्हातारा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "कधी येणार रे तू?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

"परवा," मी म्हणाले. "सांग त्यांना... परवा निघतोस म्हणून."

त्यानं सांगितलं. फोन ठेवला. डोळे भरले होते त्याचे.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "फार."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर आत्ता 'जा' म्हणवलं नसतं."

त्यानं माझा हात घट्ट धरला. नखांत कालची माती होती, ती बघत राहिला. मग सोडला. उरलेल्या बरण्या मीच एकेक करून त्याच्या हातात दिल्या.

तो गेला त्या दिवशी मी चाकापाशी जाऊन बसले. चाक फिरत होतं आणि मला काहीच दिसत नव्हतं. बाबा आले. त्यांनी चाक बंद केलं, मातीच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले.

"हवं तेवढं रड, बाळ," ते म्हणाले. "माती मी ओली ठेवतो."