नोंद दोनशे तेरावी

मामांनी उभ्या आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळला नव्हता, पण दोनशे बारा राक्षसांना त्यांनी बोलतं केलं होतं.

तीस वर्षं ते जपानी शिलाई मशीनच्या माहितीपुस्तिका मराठीत आणत. सुई कशी बसवावी, तेल कुठे घालावं. निवृत्तीनंतर एका जपानी गेमच्या भाषांतराचं काम आपणहून चालून आलं. सर्वनाश होऊन गेलेलं एक शहर, कोसळलेले पूल, ओसाड इमारती आणि जिकडेतिकडे राक्षस. त्यांना नुसतं मारायचं नसतं, बोलून बोलून आपल्या बाजूला वळवायचं असतं. म्हणून प्रत्येकाला संवाद हवे, शिवाय राक्षसकोशात तीन ओळींची नोंद: वस्ती, स्वभाव, भीती. चित्रं मामांना कोणी दाखवली नाहीत. यायचे ते तक्ते. डावीकडे जपानी ओळ, उजवीकडे रिकामा रकाना, आणि रकान्यात चोवीस अक्षरांच्या वर काही चालत नसे.

पहिला गठ्ठा पाठवल्यावर समन्वयक बाईंचा फोन आला. "काका, राग मानू नका हं, पण तुमचे सगळे राक्षस एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलतात. तेही पहिल्या बाकावर बसून!"

मामा ओशाळले. बाईंचं काही चुकलं नव्हतं. मामांना पुस्तकातलीच भाषा येत होती.

त्याच दिवसांत त्यांची थोरली बहीण रुग्णालयात होती. ताईचं मन जागेवर राहिलं नव्हतं आणि ती दिवसभर बोलत असे. लहानपणापासून ती मामांना 'वाळवी' म्हणायची, सारखा पुस्तकं खातो म्हणून. बाकीची नावं विसरली, हे एक विसरली नाही. मामा खाटेशेजारच्या खुर्चीत बसून तिचं बोलणं वहीत टिपून घेत. सुरुवातीला मायेपोटीच.

मग तक्त्यात एकशे सत्तेचाळिसावा राक्षस आला, 'रुग्णालयातली म्हातारी'. मामांनी बराच वेळ रिकाम्या रकान्याकडे पाहिलं आणि वही उघडली.

*काल तीन खिडक्या होत्या. एक कोणी नेली?*

*पाणी नको. पाण्याचा आवाज द्या.*

"काका, अंगावर काटा आला!" बाई फोनवर म्हणाल्या. "कुठून सुचलं हो?"

"सुचलं," मामा म्हणाले.

शेवटचा तक्ता पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. त्या दुपारी चार वाजता मामा वही काखेत मारून खुर्चीतून उठले. साडेचारला ताई गेली. तिची मुलगी तेव्हा प्रवासात होती, ती पोचली दुसऱ्या दिवशी. मामांनी तिला सांगितलं, "शेवटपर्यंत हात माझ्या हातात होता. तुझंच नाव घेतलं तिनं."

भाचीने त्यांना घट्ट मिठी मारली. पुढे वर्षभर ती त्या एका वाक्यावर उभी होती. ते काढून घ्यायचं धैर्य मामांना काही झालं नाही.

गेम बाजारात आला तेव्हा एका रविवारी दुपारी भाची सगळं यंत्र पिशवीत घालून आली आणि टीव्हीला जोडू लागली. मामांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडून चष्मा लावला.

"अजून रुमालातच? मी दिलेलं चष्म्याचं निळं घर कुठं हरवलंस रे? फाटलं तेव्हा पांढऱ्या दोऱ्यानं शिवूनसुद्धा दिलं होतं तुला."

"सापडेल गं. कुठं विसरलो तेच आठवत नाही."

"वेंधळा कुठला. आता बघ, तुझे राक्षस कसे लोळवते."

तासाभरात ती रुग्णालयापर्यंत पोचली. लांब करडी खोली, ओळीने खाटा. शेवटच्या खाटेच्या कडेवर एक म्हातारी पाठमोरी बसली होती. चौकटीत अक्षरं उमटली. *काल तीन खिडक्या होत्या.* पुढची ओळ. *पाण्याचा आवाज द्या.*

भाचीचा अंगठा थांबला.

"मामा, ही आई बोलतेय."

मामांचे कान तापले. "थोडं वापरलं मी तिचं. तुला विचारायला हवं होतं."

ते बोलणी खायच्या तयारीत बसले. भाचीने डोळे पुसले. "बरं केलंस. निदान कुठंतरी बोलतेय ती." ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं.

तिने बटण दाबलं.

*चादर धुवायला टाकू नका, तिच्यावर माझ्या घरी जायचा रस्ता काढलाय.*

मामा पुढे सरकले. हे वहीत होतं, पण लांब होतं म्हणून त्यांनी खोडलं होतं. तक्त्यात ते गेलंच नव्हतं, जाऊच शकलं नसतं. ओळ चौकटीच्या बाहेर ओघळून खालच्या खाटांवर आली होती.

*वाळवी उठली का?*

हे वहीतही नव्हतं. स्वतःचं हे नाव लिहायची मामांना लाज वाटे.

"पुरे आता," ते म्हणाले. "चहा टाकतो."

"थांब ना."

*गेली वाटतं. वही घेऊन गेली.*

म्हातारी अजून पाठमोरीच होती.

*खुर्चीत कोणी आहे का?*

खाली उत्तराचे दोन पर्याय आले. होय. नाही.

भाचीने कंट्रोलर मांडीवर ठेवला. तिने मामांकडे पाहिलं नाही.

"मामा, तू होतास ना तिथं?"

आता सांगता आलं असतं. मामांनी तोंडही उघडलं.

"होतो," ते म्हणाले.

टीव्हीतून बारीकशी घंटा वाजली. कोणी काहीच दाबलं नव्हतं. पडद्यावर राक्षसकोश उघडला होता.

"दोनशे तेरा?" भाची म्हणाली. "तू तर दोनशे बारा म्हणाला होतास."

*वाळवी.*

*वस्ती: खाटेशेजारची खुर्ची.*

*स्वभाव: ऐकते, लिहून घेते, उठून जाते.*

*भीती: कोणी विचारेल याची.*

मामांनी शेवटची ओळ वाचली आणि भाचीकडे पाहिलं. ती ओळी वाचतच नव्हती. ती वरचं चित्र बघत होती.

चित्रात रिकामी खुर्ची होती. तिच्यावर एक निळं चष्म्याचं घर पडलं होतं, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं.