मज्जेचे आठ नमुने

१९९६ साली मी बेंगळूरच्या एका विद्यापीठात न्यायवैद्यक विज्ञानात संशोधन करत होते. माझा विषय डायॅटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचं, डोळ्यांना न दिसणारं पाण्यातलं शेवाळ. माणूस जिवंतपणी बुडाला की ते पाण्याबरोबर फुप्फुसात जातं, तिथून रक्तात, आणि शेवटी हाडाच्या मज्जेत जाऊन बसतं. प्रत्येक पाण्याचं शेवाळ थोडं निराळं असतं. त्यावरून माणूस कुठे बुडाला याचा अंदाज बांधता येतो.

त्या मार्चमध्ये पोलिसांनी माझ्या मार्गदर्शकांकडे, देवव्रत सरांकडे, मांडीचं एक हाड पाठवलं. बेळ्ळंदूर तळ्यापलीकडच्या एका खेड्यात भव्या नावाची चोवीस वर्षांची मुलगी सासरच्या विहिरीत सापडली होती. तिनं उडी मारली, असं सासरचे सांगत होते. तिची थोरली बहीण दिव्यश्री रोज येऊन आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर बसायची. एकदा तिनं विचारलं, "अक्का, विहिरीचं पाणी कुठलं आणि तळ्याचं कुठलं, हे खरंच कळतं तुम्हाला?"

"बघते," एवढंच मी म्हणाले.

मज्जेत मला चार जातींची कवचं मिळाली. एकतीस, बारा, सात, दोन. विहिरीच्या पाण्यात त्यातली एकच जात होती. भव्या दुसरीकडे कुठेतरी बुडाली होती. पण कुठे? त्यासाठी आसपासच्या तळ्यांच्या जुन्या नोंदी हव्या होत्या.

मी ग्रंथालयात गेले. तिथं अजून कार्डांचे लाकडी खण होते. 'शेवाळ, गोड्या पाण्यातील' या खणात अगदी मागे एक पिवळं कार्ड सापडलं : बेंगळूर परिसरातील तळी, अप्रकाशित प्रबंध, १९५८. कार्डावर लेखकाचं नाव नव्हतं. मी क्रमांक चिठ्ठीवर उतरवून काउंटरवर पद्मावती अक्कांकडे दिला. त्या आमच्याच बसवनगुडी भागातल्या, घरी मराठी बोलणाऱ्या.

"तळघरातलं दिसतंय गं अहल्या. स्वल्प थांब, कुणाला तरी पाठवते."

मी खिडकीजवळच्या टेबलावर वही काढून बसले. मान वर केली तेव्हा समोर काळ्या कापडी बांधणीचा पातळसा प्रबंध होता. कुणी ठेवला ते दिसलं नाही. कागद थंड होते. बाहेर ऊन रणरणत असताना बोटांना गारवा जाणवला.

आत टंकलेले तक्ते होते, एकेका तळ्याचे. बेळ्ळंदूरच्या तक्त्यात माझ्या चारही जाती होत्या. मला इतकं हायसं वाटलं की मी भराभर उतरवायला लागले.

शेवटच्या पानावर तळ्याचं नाव नव्हतं. वर फक्त 'मज्जा' असं लिहिलं होतं. खाली आठ ओळी. प्रत्येक ओळीत वय आणि चार आकडे.

पहिली ओळ : वय २४. एकतीस, बारा, सात, दोन.

सूक्ष्मदर्शकाखालची एकच काच आपणच दोनदा मोजली तरी आकडे तंतोतंत जुळत नाहीत. दोन-चार इकडेतिकडे होतातच. मी ते पान तीनदा वाचलं. मग आठही ओळी वहीत उतरवून घेतल्या आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवायला म्हणून मी तो प्रबंध पुन्हा मागितला. पद्मावती अक्कांनी आदल्या दिवसाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला आणि माझी चिठ्ठी काढून समोर ठेवली. अक्षर माझंच होतं. त्यावर शिक्का होता : उपलब्ध नाही.

"काल सांगायला आले तर तू वही लिहीत बसली होतीस," त्या म्हणाल्या. "टेबलावर तुझी वही सोडून काही नव्हतं."

मी खण उघडला. ते कार्डही नव्हतं.

सरांनी वही पाहिली, चष्मा काढला. "आधी मोजलंस की आधी वाचलंस?"

"आधी मोजलं, सर."

"आधी वाचलं असशील. डोळ्यांना जे हवं ते दिसतं. हे विसर, तळ्याचं पाणी आण."

आम्ही तळ्याच्या पाच ठिकाणांचं पाणी आणलं. चारही जाती त्यात होत्या. अहवाल गेला, आणि जूनमध्ये भव्याच्या नवऱ्याला आणि दिराला पकडलं. त्या दिवशी दिव्यश्री बाकावर बसली नाही. दारातूनच हात जोडून गेली.

ऑगस्टमध्ये तळ्याच्या कडेला एका माणसाचं प्रेत सापडलं. वय एकेचाळीस. या वेळी सरांनी मला खोलीबाहेर बसवलं आणि काच स्वतः मोजली.

दोन तासांनी त्यांनी हाक मारली.

"वही आणलीस? दुसरी ओळ वाच."

"वय एकेचाळीस. एकोणीस, आठ, आठ, एक."

सरांनी आपला कागद माझ्याकडे सरकवला. शाई अजून ओली होती. त्यावर तेच चार आकडे होते.

"पुढची ओळ," ते हळूच म्हणाले. "आकडे नकोत. फक्त वय."

"सहा."

"सहा वर्षं?"

मी मान डोलावली.

सरांनी काच उचलली आणि काचा ठेवायच्या पेटीत, भव्याच्या काचेशेजारी उभी केली. मग त्यापुढच्या रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं.