लांबचा आधी

रांझीच्या पुढे, फॅक्टरीच्या क्वार्टरांची शेवटची ओळ संपली की एका इंजिनिअरिंग कॉलेजची टेकडी लागते. टेकडी म्हणजे मोठमोठे काळे गोल दगड, दगडांच्या फटीतून वर आलेले साग आणि पळस, आणि माथ्यावर पाण्याची टाकी. या टेकडीवर कॉलेजने डिस्क गोल्फचं मैदान केलं होतं. हा खेळ जबलपुरात फारसा कोणाला माहीत नव्हता. एक प्लास्टिकची चकती हाताने फेकायची आणि लोखंडी खांबावर बसवलेल्या टोपलीत घालायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात. चकती साखळ्यांवर आपटते, छन्न वाजते आणि खाली टोपलीत पडते. अशा नऊ टोपल्या टेकडीभर होत्या. कॉलेजचे खेळाचे विनय सर कुठेतरी बाहेर हा खेळ पाहून आले होते. त्यांनी टोपल्या घमापुरच्या एका वेल्डरकडून करून घेतल्या. साखळ्या झोपाळ्याच्या होत्या.

अंबादास फॅक्टरीत लेथवर होता. रिटायर झाल्यावर डॉक्टरने चालायला सांगितलं, म्हणून तो आणि त्याची बायको अंजनी रोज सकाळी या टेकडीवर येत. पोरं खेळत, हे दोघं दगडावर बसून बघत. एक दिवस अंजनी उठली आणि सरळ विनय सरांना म्हणाली, "ही ताटली मी फेकून पाहू का जी?" साडीखाली कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला. चकती तिने डाव्या हातात घेतली.

ती डावखुरी होती. लहानपणी आईने आणि लग्नानंतर सासूने तिला डाव्या हाताने वाढू दिलं नाही, कुंकू लावू दिलं नाही. सगळं ती उजव्या हाताने शिकली. डावा हात आयुष्यभर नुसता बाजूला राहिला. टेकडीवर त्याला कोणी काही म्हणणार नव्हतं. पहिलीच ताटली सुईकन गेली, शेवटी उजवीकडे वळली आणि दगडामागे पडली. "पाहिलं का?" ती म्हणाली. एवढा आनंद तिच्या चेहऱ्यावर अंबादासने पोरीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग दोघांच्या दोन चकत्या आल्या. त्याची नारिंगी, तिची निळी.

या खेळाचा एक नियम आहे. पहिली फेक सगळ्यांची झाली की ज्याची चकती टोपलीपासून सगळ्यात लांब, त्याची पाळी आधी. तो टाकेपर्यंत बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं. अंजनीला हा नियम फार आवडला. घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणारी बाई ती. इथे मागे राहिलं की पाळी पहिली. अंबादास घाईचा माणूस. तो हात उचलायचा आणि मागून आवाज यायचा, "लांबचा आधी! काहून घाई करून राहिले? माझी ताटली मागं आहे ना!" अंबादास हात खाली करून थांबायचा. ती फेकायची, मग तो.

वैशाखात अंजनी गेली. सकाळी गॅसवर चहा ठेवला, जरा बसते म्हणाली, आणि खुर्चीत बसली ती बसलीच.

तेरवी झाली, पाहुणे गेले. नागपूरला बँकेत असणारी मुलगी विभावरी काही दिवस राहिली आणि तीही गेली. पावसाळा सरल्यावर अंबादास पुन्हा टेकडीवर जाऊ लागला. निळी चकती कपाटात एकटी ठेवून जाणं त्याला बरं वाटेना, म्हणून दोन्ही पिशवीत घेई. आधी आपली टाके, मग तिची. नंतर जी मागे पडली असेल ती आधी. त्यात त्याला वावगं काही वाटत नव्हतं. तिच्या कुंडीतल्या तुळशीलाही तो आता पाणी घालतच होता.

एका सकाळी दुसऱ्या टोपलीवर निळी चकती शेवटी उजवीकडे वळली.

अंबादास तसाच उभा राहिला. चकती कोणत्या दिशेने फिरते त्यावर ती शेवटी कुठे झुकणार हे ठरतं. त्याची फेक नेहमीचीच होती, उजव्या हाताची. उजव्या हाताची तशी फेक डावीकडे झुकते, डाव्या हाताची उजवीकडे. लेथवर जन्म काढलेल्या माणसाला फिरत्या वस्तूचं हे कोणी समजावायची गरज नव्हती. त्याने सागाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. त्याने निळी उचलून आणली आणि आधीच्याच जागेवरून पुन्हा टाकली. गेली डावीकडे. पुढच्या टोपलीपाशी, तिची पाळी आली तेव्हा, पुन्हा उजवीकडे.

घरी येऊन त्याने ती फरशीवर ठेवून फिरवली, कडेवरून बोट फिरवलं. कुठे वाकलेली नव्हती. आपल्याला भीती वाटायला हवी होती, हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवलं. वाटली मात्र नव्हती.

पुढे एकदा त्याने घाई केली. निळी मागे होती तरी आपली आधी टाकली. चकती साखळ्यांच्या बरोबर मधोमध लागली आणि बाहेर पडली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. साखळ्या हलत राहिल्या. "बरं बाई, तुझी आधी," तो मोठ्याने म्हणाला, मागे जाऊन तिची टाकून आला, आणि मग त्याची पहिल्या फेकीला आत पडली. त्या दिवशी टेकडी उतरताना तो स्वतःशी हसत होता. गेटवरच्या चहावाल्याने विचारलंसुद्धा, "क्या दादा, लॉटरी लगी?"

बाबाराव त्याच्याच सेक्शनमधला, जुना दोस्त. तो एकदा सोबत म्हणून आला.

"दोन ताटल्या एकटाच खेळून राहिला तू?" बाबाराव म्हणाला. "मग हरते कोण?"

"मीच."

"म्हणजे वहिनी होत्या तेव्हासारखंच सगळं."

दोघंही हसले. बाबाराव विनय सरांकडून एक चकती मागून आणून खेळू लागला. नियम त्याच्या गावी नव्हता. वाटेल तेव्हा टाकायचा, आणि टाकताना फॅक्टरीतल्या जुन्या साहेबांना शिव्या द्यायचा. चौथ्या टोपलीला निळी सगळ्यात मागे पडली. अंबादास मुद्दाम काही बोलला नाही. बाबाराव आपल्या चकतीपाशी गेला, ती उचलली, हात मागे नेला आणि तसाच राहिला.

झाडीत सातभाई पक्ष्यांचा केव्हाचा कलकलाट चालला होता. तो थांबला.

"टाक ना," अंबादास म्हणाला.

"थांबलो."

"कोणासाठी?"

बाबारावने हात खाली केला आणि मागे वळून पाहिलं. मागे पायवाट होती आणि एक दगड. "काय माहीत, बाप्पा," तो म्हणाला.

अंबादास मागे गेला आणि निळी टाकून आला. पक्षी पुन्हा भांडू लागले. बाबारावने आपली टाकली. उतरताना तो भाज्यांच्या भावापासून जावयापर्यंत सगळ्यावर बोलला, फक्त त्यावर बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचा गुडघा दुखू लागला. सकाळी तो गेटवरच्या चहाच्या टपरीपर्यंतच येई, तिथे बाकावर बसून वर पाहत राही. तिथून शेवटची टोपली दिसते.

दिवाळीच्या आधी विभावरी वडिलांना न्यायला आली. फोनवर अंबादास हो म्हणून बसला होता. जबलपुरात वाढलेली पोर, तिचं मराठी अर्धं हिंदीत चालायचं. "बाबा, आप यहाँ अकेले क्या करोगे? जेवण कसं करता, औषध कोण देते, मला रात को झोप नाही येत."

"येतो म्हटलं ना मी."

"मग बॅग काहून नाही भरली?"

मग त्याने तिला सांगितलं. जसं घडलं तसं, क्रमाने, मशीन बिघडल्याचं साहेबाला सांगावं तसं सांगितलं. विभावरीने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, आई नाही आहे आता."

"मला माहीत आहे. मीच अग्नी दिला तिला."

"मग?"

"मग मी नागपूरला गेलो तर तिची कोण टाकेल? ती तिथे उभी राहील आणि पाळीच येणार नाही तिची. जिवंत होती तेव्हाही एवढी एकच जागा होती तिला."

विभावरी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चला, उद्या मला दाखवा. फिर स्टेशन."

सकाळी दोघं टेकडीवर गेली. ऊन कोवळं होतं, गवतावर दव होतं. विभावरी चपला हातात घेऊन मागे मागे चालत होती. निळी सुईकन जाऊन उजवीकडे वळली तेव्हा ती नुसती म्हणाली, "आई अशीच टाकायची ना?" तिला त्यात नवल वाटलं नाही, आणि अंबादासने समजावलं नाही. आठ टोपल्या झाल्या. आज बायको आणि पोर दोघींबरोबर आपण खेळतो आहोत असं त्याला वाटत होतं, आणि गाडीची वेळ होत आली होती.

नववी टोपली टाकीच्या खाली, एका सपाट दगडावर आहे. निळी टोपलीच्या अगदी पायाशी पडली होती. नारिंगी थोडी मागे, गवतात.

"तुमची लांब आहे, बाबा," विभावरी म्हणाली. "तुमची पाळी."

अंबादासने चकती उचलली. ही आत गेली की निळीची एक सोपी फेक, आणि डाव संपला. मग काही राहणार नव्हतं. त्याच्या जिवावर आलं. अर्धा डाव सोडायचा असेल तर सगळ्यांच्या चकत्या उचलायच्या असतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने फक्त आपली पिशवीत टाकली.

"आणि ही?"

"राहू दे. डाव अर्धा आहे आमचा."

खाली ऑटोवाला हॉर्न देत होता.

नागपूरला फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. जावई भला, पोळ्या मऊ, बाल्कनीत ऊन यायचं. अंबादास सकाळी सोसायटीच्या आवारात चकरा मारायचा आणि घरी येऊन पेपर वाचायचा. रोज एकदा त्याच्या मनात यायचं की आपण तिला तिथे एकटीला टाकून आलो. ते तो कोणाला सांगायचा नाही. पिशवी दाराआड खुंटीला होती.

थंडी पडली आणि एका सकाळी बाबारावचा फोन आला. तो टपरीवरूनच बोलत होता; मागे कपबशा वाजत होत्या.

"अंबादास, वरच्या त्या टोपलीपाशी तू काही करून आला काय?"

"काहून?"

"पोरं उभी राहून राहिली तिथे. चांगली धिंगाणा घालत येतात, आणि तिथे आली की गप. हातात चकत्या, टाकत कोणीच नाही. मग थकून एकेक खाली येते. आज तर विनय सर पण उभे आहेत."

"विचारलं नाही?"

"विचारलं ना. म्हणे, किसी की बारी है। किसकी, तर कोणाला सांगता येत नाही."

"निळी आहे तिथे?"

"आहे म्हणतात पोरं. गवत केवढं वाढलं चारी बाजूंनी, पण ती अशी दिसते, आत्ताच कोणी पदराने पुसून ठेवली. हात लावत नाही कोणी." बाबाराव खाकरला. "आत्ता मी पाहून राहिलो, सगळे वर उभे आहेत. एकाच बाजूला पाहून राहिले. नागपूरच्या बाजूला, यार."

कोणाची चकती सगळ्यात लांब आहे, हे अंबादासला कोणी सांगायला नको होतं.

एवढे दिवस तो तिला टाकून आलो म्हणत होता. ती तर नियमाने थांबली होती. तो इतकी वर्षं थांबला तशी.

फोन हातात धरूनच तो उठला, दाराआडून पिशवी काढली, नारिंगी चकती बाहेर काढली. ती गार होती आणि थोडी ओली, दवात पडून राहिल्यासारखी.

तो बाल्कनीत आला. समोर मोकळा प्लॉट होता, त्याच्या पलीकडे रस्ता.

"बस, टाकतो," तो हळूच म्हणाला. बाबारावला नाही.

मागे दारात विभावरी चहाचे दोन कप घेऊन आली होती. उंबरठ्यावर थांबली होती.

"ये ना बाहेर."

"हो," ती म्हणाली. आली नाही.

"काय झालं?"

"तुमचं होऊ द्या आधी."

"माझं काय होऊ देऊ?"

विभावरीने हातातल्या कपांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "माहीत नाही, बाबा."

फोन अजून चालू होता. बाबाराव बोलत नव्हता. त्याच्या मागच्या कपबशाही वाजत नव्हत्या.

समोरच्या गच्चीवर एक बाई ओला टॉवेल दोरीपर्यंत उचलून तशीच उभी होती.

अंबादासने खाली पाहिलं. दूधवाल्याने मोटरसायकल थांबवली होती. एक पाय जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, तो समोर पाहत बसला होता. त्याच्यापुढे सगळा रस्ता मोकळा होता.