खालच्या मजल्यावरून

दिलेला माल परत आणायला जाणं कुठल्याही दुकानदाराच्या जिवावर येतं. पण ओळखीच्या राघवचा फोन आला, "श्यामकाका, तो रेडिएटर घेऊन जा हो, कसाही करून," आणि मी भल्या पहाटे हॉलंडातल्या माझ्या गावाहून, नीउ-व्हेनेपहून, व्हॅन काढली.

माझा धंदा जुन्या बिडाच्या रेडिएटरचा. आलो होतो मसाले विकायला, पण डच माणसाला जुन्या लोखंडाचं वेड किती, हे चटकन कळलं. एका जोडप्याने तर माझ्याकडून रेडिएटर नेला आणि बागेत मांडून त्यावर कुंड्या ठेवल्या! गरम होतो का, एवढंही विचारलं नाही.

हा मात्र निराळा. रशियात उत्तरेच्या समुद्राकाठी, एका वीजकेंद्राभोवती वसवलेली छोटीशी वसाहत होती. घराघरांत ऊब यायची ती त्या केंद्रातूनच, पाइपांतून. केंद्र बंद पडलं, वसाहत ओस पडली, आणि तिथला माल भंगारवाल्यांच्या हातून फिरत फिरत माझ्या गोदामात आला. राघवची बायको लारिसा तिथलीच. एकदा दोघं सहज आले असताना ती एका निळ्या रेडिएटरपाशी मटकन खाली बसली. त्याच्या कडेला चमच्याचे टवके होते. "काका, हा माझ्या किचनचा," म्हणाली. मी तो तिला तसाच देऊन टाकला.

न्यूनेनला राघवच्या घरी पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते. डिसेंबरातली सकाळ, म्हणजे काळोखच. धुक्यात समोरच्या घराचा दिवा विरघळल्यासारखा दिसत होता. आत लारिसा रेडिएटरसमोर स्टुलावर बसलेली, हातात चमचा, गालाची हाडं वर आलेली. रेडिएटर कशालाच जोडलेला नव्हता, नुसता भिंतीला टेकवलेला. पण खोलीभर ओल्या लोखंडाचा आणि शेवाळाचा वास होता.

"बघा," राघव म्हणाला. "दोन महिने झाले. नोकरी सोडली, पुण्याला यायला तयार नाही. आठ वाजता हिची इथे ड्यूटी!"

"मग उत्तर कोण देणार? तुझा बॉस?" लारिसा म्हणाली. तिचं मराठी सासूकडून शिकलेलं, सासूसारखंच तिखट.

आठ वाजले. टक… टक… टक.

आवाज खालून आला. खाली जमीन होती. त्या घराला तळघर नाही.

लारिसाने चमच्याने तीनदा वाजवलं, आणि तिचे खांदे सैल झाले.

"आमच्या बिल्डिंगची पद्धत," ती हळूच म्हणाली. "एकट्या माणसाने रोज आठला पाइप वाजवायचा. म्हणजे 'मी आहे.' वरच्याने वाजवायचं. म्हणजे 'मीही आहे.' वरून आवाज आला नाही, तर खालचे लोक वर येऊन दार तोडून आत शिरतात. गारठलेला माणूस दार कसं उघडेल, काका? …बाबा माझ्या खाली राहायचे. केंद्र बंद पडलं, त्या हिवाळ्यात मी इथे होते… ते तिथेच गारठून गेले."

राघव तोंड फिरवून उभा राहिला.

"हा नेऊ नका. मी उत्तर दिलं नाही, तर ते येतील… मला वाचवायला येतील."

"डॉक्टरांनीच सांगितलंय, काका, ही वस्तू घरात नको," राघव कळवळून म्हणाला.

आता दोन गिऱ्हाइकं भांडायला लागली की मी मधला भाव काढतो. म्हटलं, "पोरी, शेजाऱ्याचं पार्सल आपण सही करून घेतोच ना? उत्तर मी देईन. उद्या आठला, न चुकता."

तिने चमचा मागे घेतला. "तुमचा हात त्यांच्या ओळखीचा नाही."

"तीन ठोक्यांत कसला आलाय हात!" मी हसलो. ते हसू मला आजही गिळता येत नाही.

शेवटी तिने चमचा माझ्या हातात ठेवला, आणि रेडिएटर मी व्हॅनमध्ये चढवला.

दुसऱ्या दिवशी गोदामात मी एकटाच. आठला टकटक आली. मी उत्तर दिलं. शांतता. मग पुन्हा तीन, घाईघाईने. मी पुन्हा वाजवलं. आणि मग एकच ठोका… 'कोण?' विचारल्यासारखा.

काय वाजवावं मला कळेना. मी परत तीनदा वाजवलं.

बिडाच्या आत कुठेतरी पावलं वाजू लागली. जड, ओली. जिना चढणारी. वर, आणखी वर… माझ्यापासून लांब.

लारिसाला फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग राघवला लावला; तो ऑफिसला जाणाऱ्या झुइडासच्या गाडीत होता.

"अहो, घरीच आहे ती. झोपलीय छान, कित्येक दिवसांनी. दार मी स्वतः लावून आलोय."

"राघव, मागे फिर… आत्ताच."

तो पोचला तेव्हा दाराची चौकट बाहेरून आत फुटली होती. लारिसाचा कोट खुंटीला, बूट जागेवर. शेजाऱ्यांना काही ऐकू आलं नव्हतं. पोलिसांचा शोध चालू आहे, म्हणतात.

राघव आता रोज सकाळी गोदामात येतो. तासभर वाजवत बसतो. उत्तर येत नाही. मी चहा आणून ठेवतो, तो गार होतो, मी उचलून नेतो. यापलीकडे माझ्या हातात काय आहे?

काल तो गेल्यावर रेडिएटर थोडा सरकवावा म्हणून मी हात लावला आणि ओरडलोच. ना पाइप, ना पाणी, आणि ते बीड तापून रसरसलेलं, जणू तिथलं केंद्र पुन्हा सुरू झालंय.

आज राघवने तळहातावरचा फोड पाहिला. चहा सांडला, म्हणालो.