लिनच्या पासपोर्टची झेरॉक्स

दाजींच्या मुलीचं, मंदाचं लग्न झालं ते २००९ साल. लग्न मे महिन्यात झालं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला, गुरुवारी सकाळी, दाजींवर चोरीचा आळ आला.

दाजी भाईंदरच्या जेसल पार्कात ॲडव्होकेट निशिगंधा सुर्वे यांच्याकडे कारकून होते. बाई कारखानदारांची कामं बघत. परदेशी कारागीर आणायचा तर व्हिसा कुठला, नोंदणी कुठे, करार कसा, हे वीस वर्षं चाललेलं. त्या वर्षी सरकारचा हुकूम निघाला होता. व्यापारी व्हिसावर येऊन कारखान्यात काम करणाऱ्यांनी ऑक्टोबरअखेर मायदेशी जावं, नोकरीचा व्हिसा घ्यावा, मगच परत यावं. बाईंना धड जेवायला वेळ नव्हता.

त्या सकाळी फोन आला तो ईश्वरशेठचा. त्यांचा भाईंदरलाच स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. चीनहून प्रेस मशीन आणलं होतं आणि ते बसवायला लिन नावाचा कारागीर व्यापारी व्हिसावर आला होता.

"मॅडम, लिनचा पासपोर्ट गायब आहे. काल रात्रीचं विमान चुकलं त्याचं. तुमचा दाजी शुक्रवारी कॉपी काढायला घेऊन गेला, तो परत आणलाच नाही. मी पोलिसात चाललोय."

"थांबा. मी येते."

रिक्षात दाजी खाली मान घालून बसले होते. "त्याच संध्याकाळी मॅनेजरच्या हातात दिला, बाई. त्या जितेशच्या."

"पोच घेतलीत?"

"रोजची माणसं. पोच काय घ्यायची?"

"किती वर्षं सांगतेय, दाजी." बाईंनी डोळे मिटून घेतले.

कारखान्यात नव्या मशीनवर झेंडूचा हार सुकला होता. पत्र्यावर कुंकवाची बोटं होती. शेजारी स्टुलावर लिन बसला होता, पायाशी भरलेली बॅग. बाईंना बघून उठला.

"मैडम, माँ हॉस्पिटल. जल्दी जाना."

बाईंनी मान हलवली. दुसरं काय करणार?

जितेश केबिनच्या दारात उभा होता.

"दाजींनी पासपोर्ट तुला दिला?"

"दिला असेल. आठवत नाही, मॅडम. दसऱ्याची गडबड होती."

"शुक्रवारी? दसरा सोमवारी होता."

"तयारी असते ना." तो शेठकडे बघत म्हणाला.

बाई खुर्चीत टेकल्या. केबिनच्या भिंतीला छोटा देव्हारा, त्याखाली ड्रॉवर.

"पूजा जोरात झाली वाटतं, ईश्वरशेठ."

"वडलांपासूनची रीत. धंदा ज्याच्यावर चालतो ते सगळं पूजेत. मशीन, वजनकाटा, वह्या. वही उघडून पहिल्या पानावर कुंकवाचं बोट लावायचं."

"मशीन चालू झालं?"

"कुठे! अजून तीन आठवडे तरी लागतील. आणि हा गेला की नवा व्हिसा घेऊन यायला तीन महिने. दुबईची ऑर्डर काय तोपर्यंत थांबणार?"

"बरं. पोलिसात तक्रारीला काय जोडताय?"

शेठनी एक झेरॉक्स पुढे सरकवली. "ही ऑगस्टमधली. लिन आला तेव्हाच काढून ठेवलेली."

फोटोच्या पानाची झेरॉक्स होती. कोपऱ्यात बोटाएवढा काळा डाग. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"दाजी, आपली फाईल काढा."

दाजींनी शुक्रवारी काढलेली झेरॉक्स टेबलावर ठेवली. तेच पान, तोच फोटो. डाग नव्हता.

"तुमचं मशीन खराब असेल," शेठ म्हणाले.

"लिनला आत बोलवा," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "त्याच्यासमोरच सांगते." लिन आत आला तशा बाई बोलू लागल्या.

"ऑगस्टमध्ये पासपोर्टवर डाग असता, तर शुक्रवारी आमच्या कॉपीत आला असता. आला नाही. म्हणजे डाग शुक्रवारनंतर पडला, आणि ही झेरॉक्स त्याच्याही नंतरची. लाल रंग झेरॉक्समध्ये काळा उमटतो. हे कुंकू आहे, ईश्वरशेठ. यंदाचा तुमचा धंदा या माणसावर, म्हणून सोमवारी त्याचा पासपोर्ट पूजेत ठेवलात. उघडून बोट लावलंत. मग दाजींनी तो परत केला नव्हता, असं कसं?"

बाईंनी दोन्ही झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या.

"पासपोर्ट हरवला की नवा मिळेपर्यंत माणूस अडकतो. तुम्हाला तेवढेच तीन आठवडे हवे होते. तक्रारीला कॉपी लागणार, ती घाईत काढलीत. डागाकडे लक्ष गेलं नाही. आणि पूजेतली वस्तू तुम्ही फेकणार नाही. जितेश, देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर उघड."

जितेशने शेठकडे पाहिलं नाही. ड्रॉवर उघडला. पासपोर्टला झेंडूची सुकी पाकळी चिकटली होती.

लिनने तो दोन्ही हातांनी घेतला.

"मी काय चोर आहे का?" शेठ पुटपुटले. "नंतर देणारच होतो."

"त्याची आई आजारी आहे, हे माहीत होतं तुम्हाला."

"सुट्टी मागताना सगळ्यांचीच आई आजारी असते, मॅडम."

बाई उठल्या. "पासपोर्ट माणसाकडेच ठेवा, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पहिल्या विमानाचं तिकीट काढा त्याचं, आत्ता, माझ्यासमोर. आणि उद्यापासून दुसरा वकील बघा."

"दाजी, चुकलं हां आमचं," शेठ म्हणाले.

दाजी फाईल बांधत राहिले.

लगेचची जागा मिळाली ती शनिवारच्या विमानात. शुक्रवारी दिवसभर लिन इंद्रलोक वस्तीतल्या आपल्या खोलीत पासपोर्ट खिशात घालून बसून होता.

लिनची आई त्या शुक्रवारी, २ ऑक्टोबर २००९ रोजी, दुपारी वारली.