पाठमोरा नाच

सुहासिनी अमीनाबादच्या मागच्या गल्लीत बायकांना नाच शिकवायला जाऊ लागली, ते १९७८ साल. नवरा चंद्रहास औषधसंशोधन संस्थेत, मुलगी नयना शाळेत. दुपार तिची होती. सकाळपासून चिकनचं भरतकाम करून त्या बायकांच्या माना आखडायच्या. घटकाभर कथकचे हात केले की त्यांना मोकळं वाटे. मग त्या आपल्या घरांतले लग्नाचे नाच तिला दाखवत. मानववंशशास्त्र शिकलेल्या सुहासिनीला खरी ओढ त्या नाचांचीच होती.

एका नाचाचं मात्र नाव काढलं की सगळ्या गप्प. शेवटी त्यांच्यातली वडीलधारी रुकैयाखाला कबूल झाली, तीही नाखुशीने. नातीचं लग्न जवळ आलं होतं आणि त्याआधी तो नाच करावाच लागे.

फेब्रुवारीतली दुपार. अंगणाच्या मधोमध कापसाची गादी अंथरून वर पांढरी चादर ओढली होती, पण तिच्यावर कुणी बसेना. सगळ्याजणी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ढोलकवालीही भिंतीकडे वळून बसली. खालाने सुहासिनीला रांगेत ओढलं.

"पीछे मत देखना, बिटिया."

"क्यों?"

"देखनेवाली पीछे बैठती हैं."

"कौन?"

"हमें क्या मालूम. अम्मा ने इतना ही कहा था."

पडद्यातल्या घरांचा नाचही पडद्यातच राहिला असणार, सुहासिनीने मनाशी मांडून टाकलं. ढोलक वाजू लागली. पावलं अगदी साधी होती. नाकाशी ओल्या चुन्याचा वास येत होता. थोड्या वेळाने तिची पाठ गार पडली, कुणी उन्हाच्या आड यावं तशी. समोरच्या भिंतीवर ऊन तसंच होतं. शेजारची नवरीमुलगी नाचता नाचता रडत होती, आवाज न करता.

मानेवर श्वास लागला.

वळून बघितलं की हा खुळेपणा संपेल, असं तिला वाटलं. ती वळली.

अंगण रिकामं होतं.

तिला हसूच येणार होतं, पण ढोलक थांबली. बाकी कुणीच वळलं नाही.

"बैठी हैं?" खालाने भिंतीकडे बघतच विचारलं. "या उठ गईं?"

गादीच्या मधोमध खळगा पडला होता. चादरीच्या चुण्या हलत होत्या. सुहासिनी बघत असतानाच तो खळगा सावकाश वर आला.

तिने चपलाही घातल्या नाहीत. अनवाणीच सायकलरिक्षा गाठली. रस्ता सपाट होता, तरी रिक्षावाला धापा टाकत खाली उतरला आणि रिक्षा हाताने ओढू लागला. सुहासिनी सीटच्या कडेला अंग चोरून बसली. शेजारी तिने एकदाही पाहिलं नाही.

दार नयनाने उघडलं आणि ती आईच्या खांद्यामागे बघून हसली.

"आत जा, नयना."

"अरे आई, नमस्ते तो करने दो."

"कुणाला? आत जा म्हणते ना!"

नयना वाकली. केसांची एक बट तिच्या डोळ्यांवर आली. तिचे दोन्ही हात जोडलेलेच होते. सुहासिनीच्या देखत ती बट उचलली गेली आणि मायेने, अलगद, मुलीच्या कानामागे जाऊन बसली.